एडीचा बूट

विल्फ हॅलमने पन्नास वर्षं स्केलथॉर्प हॉल या जुन्या हवेलीचं छप्पर सांभाळलं. खालच्या दालनांत काय आहे, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "झुंबरं असतील. त्यांच्यावर पाणी पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम." वर छत्तीस धुराडी. त्यातली चार खोटी, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून बांधलेली. त्यांच्यावर त्याचा विशेष जीव. "धूर नाही, कुरकुर नाही. माझ्या मेव्हण्याने काही शिकावं."

छपरावर अंथरलेल्या शिशाच्या मऊ पत्र्यांवर बूट कोरायची आमच्याकडे जुनी चाल आहे. पत्र्यावर पाय ठेवायचा, खिळ्याने भोवती रेघ ओढायची, आत आद्याक्षरं आणि साल. विल्फची आई एडी इथे मोलकरीण होती. १९३७ साली ती नोकरांच्या जिन्याने चोरून वर गेली आणि छपरावर काम करणाऱ्या जॅक हॅलमने तिचा बूट आपल्या बुटाशेजारी कोरला. पुढे त्यांचं लग्न झालं. "काय नाजूक पाय होता माझा!" असं एडी म्हातारपणीही सांगे. विल्फने सगळं छप्पर धुंडाळलं, पण तो बूट काही मिळाला नाही.

२०१९ मध्ये सगळं शिसं उतरवून, वितळवून नव्याने ओतायचं ठरलं. शंभर वर्षांहून जुने ठसे तेवढे कापून ठेवायचे, बाकी भट्टीत. शेवटचे पत्रे शुक्रवारी जायचे होते. बुधवारी विल्फ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहात साखर घालायलाही विसरला.

"मिसेस थर्लो, आईने ती गोष्ट रचली असेल का हो?"

"एडी पायाच्या मापाबद्दल थाप मारेल, विल्फ. जॅकबद्दल नाही."

माझे यजमान हॅरल्ड पूर्वी छपराचे मुकादम होते आणि संध्याकाळी जेवताना वरची प्रत्येक भानगड मला सांगत. मी कपाटातून जुन्या डायऱ्या काढल्या. तासाभराने सापडलं. मंगळवार, १४ ऑक्टोबर १९६९. मी वाचून दाखवलं: "मोठ्या छपराचा जुना पत्रा जिन्याच्या मनोऱ्यावर बसवायला सांगितला, तर नव्या पोराने उलटा, ठसे खाली करून ठोकला. हॅरल्ड फार ओरडले. पाऊस आला म्हणून तसाच राहू दिला. रात्री मटणाचा रस्सा."

विल्फचा कप हवेतच राहिला. "नवा पोरगा म्हणजे..."

"तूच. सोळा वर्षांचा होतास."

"म्हणजे पन्नास वर्षं शोधलं मीच, आणि लपवलंही मीच!"

गुरुवारी सकाळी आम्ही मनोऱ्यावर गेलो. मला एकोणऐंशीव्या वर्षी शंभर पायऱ्या चढू नका, असं आर्किटेक्ट मिस ब्लाइथ म्हणाली. मी तिला म्हटलं, "मुली, वाटेत उभी राहू नकोस." तो एकच पत्रा अजून जागेवर होता. विल्फने खिळे काढले, त्याने आणि मिस ब्लाइथने मिळून तो उलटा केला, आणि विल्फने बाहीने धूळ पुसली.

दोन बूट, शेजारी शेजारी. जे. एच. आणि, एडीच्या माहेरच्या आडनावाने, ई. एस., १९३७. विल्फने टोपी काढली. मग तो वाकला, वीत लावली, पुन्हा लावली.

"आईचा मोठा आहे," तो म्हणाला. "चांगला बोटभर!" आणि इतका हसला की त्याला कठड्याला टेकावं लागलं.

मिस ब्लाइथने वही उघडली. "ब्याऐंशी वर्षंच झालीत," ती हळूच म्हणाली.

विल्फचं हसू थांबलं. मिस ब्लाइथने त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या टोपीकडे पाहिलं आणि वही मिटली. "माझं गणित पहिल्यापासून कच्चं आहे, मिस्टर हॅलम. हा कापून ठेवायचा."

तो ठसा आता खालच्या दालनात काचेत आहे. पाटी लावायच्या दिवशी विल्फ मिस ब्लाइथच्या मागेमागे फिरत होता.

"नाव लिहा मॅडम, साल लिहा. फक्त माप लिहू नका. आई ऐकतेय."