कमरा, कॅमेरा आणि कॉम्रेड

रिटायर झाल्यावर मला शब्दांची मुळं उकरायचा नाद लागला. लातुरात आयुष्यभर कॉलेजच्या पोरांना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे आपल्याला युरोपातल्या चार भाषा येतात असा माझा समज होता. त्यांतल्या तीन फक्त मोबाइलला येत होत्या.

वरचा मजला आम्ही क्लासच्या पोरींना किरायाने देतो. जूनमध्ये कंधारकडचे एक शेतकरी लेकीला घेऊन आले. तिला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायची होती. बायको दळण आणायला गेलेली, म्हणून कमरा दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी पंखा लावून पाहिला, खिडकीची कडी ओढून पाहिली, पाण्याचं विचारलं. सगळं पसंत पडलं. शेवटी म्हणाले, "सर, क्यामेरा हाय ना?"

ते फाटकावरच्या कॅमेऱ्याचं विचारत होते. 'आहे' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण आठवडाभर मी नेमका त्याच शब्दाच्या मागे होतो.

"अहो, कमरा म्हणजेच कॅमेरा," मी म्हणालो.

मग सुरू झालो. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे कमानीच्या छताची खोली. इटलीत आजही हॉटेलात कॅमेरा मागितला तर खोलीच मिळते. फ्रेंचांनी त्याचं शांब्र केलं, जर्मनांनी कामर, आणि पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे कमरा होऊन उतरला. फोटोचं यंत्र म्हणजे मुळात अंधारी खोली. भिंतीला बारीक भोक आणि त्यातून सगळं दिसायचं. भोक कुठे असायचं तेही मी भिंतीवर बोट ठेवून दाखवलं.

ते भिंतीकडे बघत राहिले. माणसाला गोडी लागली असं वाटून मी पुढे गेलो. एका खोलीत राहणारे ते कामारादा, त्यावरूनच कॉम्रेड. इथे आणखी एक मुलगी राहणार, म्हणजे तुमची लेक आता कॉम्रेड होणार.

ते लेकीला चल म्हणाले. मला नमस्कार केला, पण लांबून.

मी त्यांच्या मागोमाग खाली उतरलो. फाटकात बायको भेटली. का निघालात, असं तिने विचारलं तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, कमऱ्यात भोक पाडून क्यामेरा लावलाय म्हनून राहिले सर. आन् पोरीला मोर्च्यात न्यायचं म्हनून राहिले."

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. "दादा, त्यांचं मनावर घेऊ नका. शिकवायची सवय आहे, वर्ग राहिला नाही."

तिने त्यांना परत वर नेलं, चारी भिंती हात लावून पाहू दिल्या, चहा दिला. मी स्वयंपाकघरात उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही. काही लागलं तर पोरगी ताईंशीच बोलेल, या अटीवर ते तयार झाले. मी हो म्हणायच्या आत बायको हो म्हणाली.

सुरुवातीला मी दिसलो की ती पोरगी जिना भराभर चढून जायची. दिवाळीनंतर एकदा आपणहून थांबली आणि मेस हा शब्द कुठला, असं विचारलं. मी इतका हरखलो की पुन्हा लॅटिनपासून सुरुवात केली आणि तिचा क्लास बुडाला. आता ती रविवारीच विचारते, आणि आधी बजावते, "सर, थोडक्यात."