सुशीलाआत्याचा रकाना

सुलतानपूरच्या फाट्यावर एसटीत बसले तेव्हा बाबांनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "टीव्हीत जाऊन राह्यली, तं आपल्याकडचं बी कोणी दिसू दे तिथं." मला ते तेव्हा फार सोपं वाटलं होतं. आज बारा वर्षं झाली, मी मुंबईत एका चॅनलच्या रात्रीच्या चर्चेसाठी पाहुणे जमवते. गावाकडच्यांनो, आपलं माणूस तिथे का दिसत नाही असं तुम्ही विचारता ना, तर ऐका.

तुम्ही जागून बघता तो कार्यक्रम दुपारी तीनलाच रेकॉर्ड झालेला असतो. त्याआधी मला एक्सेल शीट भरावी लागते. रकाने ठरलेले: राजकीय, अर्थ, कायदा, महिला, शेतकरी, सामाजिक. 'अर्थ'मध्ये तीच चार नावं फिरतात, सगळी मुंबई-पुण्याची. आपली आठवण येते ती भीमजयंतीला, नाहीतर कुठे अत्याचार झाला की.

माझी सुशीलाआत्या मेहकरच्या कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत होती. बजेटच्या भागासाठी मी तिचं नाव सुचवलं. संपादक म्हणाले, "छान आहे, पण त्यांना जयंतीला घेऊ." मी भांडायला हवं होतं. नाही भांडले. आत तर येऊ दे, बजेटचं ती तिथेही बोलेल, असा विचार करून मीच तिचं नाव 'सामाजिक'मध्ये टाकलं.

आत्या टिपणं काढून आली. अँकरने विचारलं, लहानपणी काय काय सोसलंत? तिने दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि मागासवर्गीयांसाठी ठेवलेला निधी दुसरीकडे कसा वळवतात, हे दहा मिनिटं इतकं सोपं करून सांगितलं की कॅमेरामनसुद्धा ऐकत राहिला. रात्री दिसलं ते एवढंच: ती दोन वाक्यं, चष्मा काढून डोळे पुसणारी आत्या आणि मागे बासरी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. "मी रडली कवा व? घाम पुसून राह्यली होती. बजेटले बोलावशील तं येईन. रडाले मले मुंबईले कायले बोलावतं?"

मला चॅनलचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. माझ्यासारखंच गाव सोडून इथल्या ऑफिसांत बसलेल्यांनो, तुम्हीही असेच रकाने भरत असाल. आत राहून बदलू, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. आता ते म्हणताना माझी मलाच लाज वाटते.

गाव काही धुतल्या तांदळाचं नाही, आमची वस्ती अजून वेगळीच आहे. पण मेहकरच्या बाजारात भाजीवालासुद्धा आत्याला विचारतो, "मॅडम, औंदा कांदा उतरंन काय हो?" आणि ती सांगते ते थांबून ऐकतो.

यंदाच्या बजेटला मी तिचं नाव 'अर्थ'मध्येच लिहिलं आणि उत्साहाच्या भरात तिला कळवूनही टाकलं. परवा संपादकांनी ते खोडलं. तिकडे आत्या कात्रणं लावत बसली आहे. पूर्वी घर म्हटलं की कधी एकदा जाते असं व्हायचं. आता घर म्हणजे तो एक फोन, जो लावायला माझा हात धजत नाही.