आत्याबाईंचा मणका अन् माझा पाय

हसायचं नाही हं, आधीच सांगते. मी माझ्या सासूला लाथ मारली होती. होय, सख्ख्या सासूला! अन् तेही लग्नाला वर्ष व्हायच्या आत.

आमचं गाव पालमजवळ. नामांतराचा बंद उठून एसट्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. गाडी खच्चून भरलेली. परभणीहून येताना आत्याबाईंना (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणायची) सगळ्यात मागचं सीट मिळालं. एका खड्ड्यात अशा उसळल्या, की घरी आल्या त्या कंबर धरूनच.

"उसण भरली गं," म्हणल्या. "तू पायाळू हायस न्हवं? घाल लाथ!"

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो. त्याची लाथ बसली की उसण पळते म्हणतात. माहेरी कंबर धरून माणसं यायची अन् आई मला त्यांच्या पाठीला पाय लावायला सांगायची. मग मी पायाळूच की! लग्नात सगळ्यांना ते सांगून मिरवूनही झालं होतं.

पण सासूला पाय?

"आत्याबाई, पाप लागंल मला!"

"पाप मला लागू दे. तू घाल!"

डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं अन् नुसता अंगठा टेकवला. "अगं माय गं!" आत्याबाई जागीच आडव्या. उठताच येईना!

सकाळीच मी अन् आमचे हे त्यांना घेऊन परभणीच्या दवाखान्यात. वाटेत आत्याबाई माझ्या कानाशी म्हणल्या, "लाथंचं कुणाला सांगू नगंस. लोकं तुला नावं ठेवतेल. मी म्हणते, बसमधीच मोडलं."

स्वतः कळवळायलेली बाई, अन् काळजी माझी! मला लय भरून आलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "मणका दबलाय."

झालं! मी भोकाडच पसरलं. "डॉक्टरसाहेब, म्या मारली हो लाथ! त्यांना चिरू नका, काय करायचं ते मला करा!"

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला.

"अगं बया! सासूला लाथ?" रांगेतली एक बाई म्हणाली.

आत्याबाई बाकावरून ओरडल्या, "तिची चूक न्हाई! म्याच म्हणलं, मार म्हणून!"

"बघा, किती धाकात ठिवलंय म्हातारीला," तीच बाई शेजारणीला म्हणाली.

"अवो, लय गुणाची हाय सून माझी!"

"भिऊ नगा मावशी, आमी हाव की!"

आमचे हे? भिंतीवरचा देवीच्या लशीचा जुना कागद वाचत उभे, जणू आमची ओळखच नाही!

लाथ कशी मारली ते मी अंगठा टेकवून दाखवलं, तसं डॉक्टरांना हसू आवरेना. "अंगठ्यानं मणका दबत नसतो, बाई. वयानं हाडं ठिसूळ झालीत, त्यात बसचा दणका. चिरफाड काही नाही. कडक पट्टा बांधायचा अन् फळीवर सरळ निजायचं. फक्त परत पाय लावू नका!"

मी तिथंच आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

पुढं आई त्यांना बघायला आली, तर मी तिच्या गळ्यातच पडले. "कशाला गं मला पायाळू जन्माला घातलंस?"

"तू?" आई म्हणाली. "पायाळू तर तुझा दादा! तो शाळेत असला की आलेल्या माणसाला माघारी कशाला लावायचं, म्हणून मी तुला पुढं करायची."

आत्याबाई पट्ट्यासकट गदगदून हसल्या. "हसवू नगा गं, मणका दुखायलाय!" मग माझा हात घट्ट धरून म्हणल्या, "म्हंजे सुनंची लाथ खाल्ली ती खाल्ली, अन् तीबी बिनकामाची!"