तात्यासाहेबांच्या ट्रेलरचं पासिंग

"ज्याला इंजिनच नाही, त्याला गाडी कशी म्हणता हो?"

तात्यासाहेबांनी हा प्रश्न मला ट्रेलरच्या चाकावर पाय ठेवून विचारला. मोशीच्या दगडखाणीत, दुपारच्या उन्हात. ट्रेलर ट्रॅक्टरला जोडून उभा होता. मी मोटार वाहन खात्यात इन्स्पेक्टर होतो आणि पुण्याहून जीपने तो ट्रेलर तपासायला आलो होतो.

मी म्हटलं, "ट्रेलर म्हणजे गाडीच. कायद्यात तसं लिहिलंय."

"ट्रॅक्टर पास आहे ना आमचा?"

"आहे."

"मग झालं तर! हा बिचारा त्याच्या मागनं जातो. उद्या माणसाला लायसन दिलंत, तर त्याच्या सावलीलापण वेगळं काढायला लावाल."

खाणीवरचे लोक हसले. तात्यांच्या विनोदाला न हसणारा माणूस खाणीवर दुसऱ्या दिवशी दिसत नसे, असं मला नंतर कळलं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते. पायाला दगड लागे, खडी लागे, आणि दगड म्हटला की तात्यासाहेब ठेकेदार. त्यांनी देहूरोडकडून लष्कराच्या डिस्पोझलमधलं, म्हणजे युद्धानंतर मोडीत काढलेलं सामान आणलं होतं. त्यातल्या एका लॉरीचा आस काढला, त्यावर लाकडी हौदा बसवला, आणि झाला ट्रेलर. दोन चाकं दोन वेगवेगळ्या गाड्यांची होती. त्यामुळे ट्रेलर उभ्या उभ्याच थोडा डावीकडे वाकून नमस्कार केल्यासारखा दिसे. इन्स्पेक्टरला एवढा मान देणारं वाहन मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ट्रेलर तपासण्यात काही मोठी विद्या नाही. पहिलं बघायचं ते जोड. ट्रेलरच्या पुढे लोखंडी दांडा असतो, त्याला ड्रॉबार म्हणतात. तो ट्रॅक्टरच्या मागच्या कानात बसतो आणि वरून जाड पिन टाकतात. पिन उडू नये म्हणून खाली आडवी खीळ मारायची असते. त्याशिवाय एक मजबूत साखळी हवी, पिन निसटली तर ट्रेलर धरून ठेवणारी. मग ब्रेक. मग मागचा दिवा. मागे गोल काळ्या पाटीवर पांढरं इंग्रजी टी अक्षर, ट्रेलरची खूण म्हणून. शिवाय ट्रेलरवर एक अटेंडंट बसवावा लागे. हँडब्रेक त्याच्या हातात. मागे काय चाललंय ते ड्रायव्हरला कळवायचं काम त्याचंच.

मी एकेक बघत गेलो.

"खीळ कुठाय?"

"खड्ड्यात पडली असंल. रोज एक पडती," ड्रायव्हर शंकर म्हणाला. शंकर प्रामाणिक माणूस होता. त्यामुळे तात्या त्याला साहेबलोकांसमोर फारसं बोलू देत नसत.

"साखळी?"

"उद्या लावतो," तात्या म्हणाले.

"दिवा?"

"आम्ही दिवसाच चालवतो."

"ब्रेक?"

"ट्रॅक्टरला आहे की."

टी मात्र होता. पाटीभर, ठसठशीत, ताज्या रंगाचा. मी कौतुक केलं. तात्या खूश झाले. "टी म्हणजे तात्या. सबंध खेड तालुक्याला ठाऊक आहे."

तेवढ्यात खाणीतल्या बायका पाट्या ठेवून जवळ आल्या. पुढे गऊबाई होती. कुरुळीची, चाळिशीची, बायकांच्या टोळीची मुकादम. तिनं विचारलं, "साहेब, हा ट्रेलर बंद करनार व्हय?"

"पास झाल्याशिवाय रस्त्यावर नाही आणता येणार."

"मग आमी घरी कशा जानार?"

तेव्हा मला कळलं की दिवसभर दगड वाहणारा हा ट्रेलर संध्याकाळी कामकरी बायकांना भरून इंद्रायणीपलीकडे कुरुळीला सोडून येतो. अटेंडंट सोडून इतर माणसं ट्रेलरात बसवायला बंदी होती. मी तात्यांकडे पाहिलं. ते आकाशाकडे पाहत होते.

"बाई, यात बसणं धोक्याचं आहे. जोड तुटला तर—"

"आजपतूर तुटला न्हाई," गऊबाई म्हणाली. "दिसभर दगड फोडायचा, आन् वर चालत जायाचं. घरी पोरं वाट बघत्यात. तुमाला जीप हाय. तुमचं पाय कशाला दुखत्यात?"

याला कायद्यात उत्तर नव्हतं. मी ट्रेलर नापास केला आणि जीपमध्ये बसलो. जीप निघताना बायकांनी मला जे म्हटलं, ते ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हणायचं सौजन्य त्यांनी दाखवलं नाही.

आठवडाभरात मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते आमच्या ऑफिसचे प्रमुख. त्यांना कायदा तोंडपाठ होता. तो कुणाला लावायचा नाही, हे त्याहून पाठ होतं.

"तात्यासाहेबांचं काय अडवून ठेवलंय तुम्ही?"

"सर, ब्रेक नाही, साखळी नाही."

"आता सगळं बसवलंय म्हणतात. पिंपरीचं काम दगडावाचून अडलंय. वरून विचारणा होतेय. पुन्हा टेस्ट घ्या. मी स्वतः येतो."

साहेब स्वतः येतात म्हणजे निकाल आधीच ठरलेला असतो आणि टेस्ट मागाहून येते. तरी मी एक अट घातली. टेस्ट भरलेल्या ट्रेलरची, आणि इंद्रायणीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. रिकामा ट्रेलर सपाटीवर कोणीही थांबवील. साहेब म्हणाले, "घ्या, घ्या. तुमचंही समाधान होऊ दे."

ठरल्या दिवशी आम्ही मोशीला पोचलो. ट्रेलरला नवा हिरवा रंग होता. टीच्या दोन्ही बाजूंना झेंडूची फुलं. साखळीही आली होती. पितळी कड्यांची, नाजूक, मधे मधे मोर असलेली.

"ही कुठली साखळी?" मी विचारलं.

"घरच्या झोपाळ्याची. अस्सल जुना माल. आमच्या वडिलांचं वजन पेललंय तिनं."

"तात्यासाहेब, वडील काही दगडांनी भरलेले नव्हते."

"गाडी तर चालू द्या," मोठे साहेब म्हणाले.

हँडब्रेकही बसवला होता. म्हणजे एक दांडा उभा होता. खाली तो कुठे जातो ते बघायला मी वाकलो, तर तात्या म्हणाले, "वजन पाहिजे ना तुम्हाला? या बायकांनाच बसवतो. चढ गं गऊ, आज लवकर घरी जाशील."

गऊबाईनं पदर खोचला आणि चाकावर पाय दिला.

मी ओरडलोच. "खाली उतरा! एकही माणूस बसणार नाही. दगड भरा."

ती उतरली, पण तिनं असं बघितलं की मी जणू तिच्या ताटातली भाकरी ओढली. बायका वैतागून पायीच कुरुळीच्या रस्त्याला लागल्या. दगड भरले. आता अटेंडंट हवा होता. तात्यांनी ज्याचं नाव सांगितलं होतं तो माणूस त्या दिवशी सोयरिकीला गेलेला. दुसरा कोणी चढेना. दगडाशी रोजचा संबंध असलेल्या माणसांना दगडाचं वजन कळतं.

"भित्रट लेकाचे!" तात्या म्हणाले. "मी बसतो."

"तात्यासाहेब, पहिली फेरी माणसाशिवाय होऊ द्या. ब्रेक मला बघू दे," मी म्हटलं.

"अटेंडंट पाहिजे ही तुमचीच अट ना?" ते हसत वर चढले. मी साहेबांकडे पाहिलं.

"त्यांचाच ट्रेलर आहे. बसू द्या की," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. मी ट्रेलरपुढे आडवं उभं राहायला हवं होतं, असं पुष्कळांनी पुढे मला सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी त्या वेळी तिथे कोणी नव्हतं.

ट्रॅक्टर निघाला. मागे आमची जीप. तात्या दगडांवर बसून, दांडा हातात धरून, लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखे. उतार लागला तसा ट्रेलर ट्रॅक्टरला ढकलू लागला. शंकरनं ब्रेक दाबला. ट्रॅक्टर एका खड्ड्यातून गेला आणि पिन उडालेली मला स्वच्छ दिसली. खीळ नव्हतीच. क्षणभर सगळा भार झोपाळ्याच्या साखळीवर आला. ती काडी मोडावी तशी मोडली.

शंकरनं मागे पाहिलं आणि ट्रॅक्टर एका बाजूला घेतला. ट्रेलर त्याच्या शेजारून पुढे गेला. सोबतीला इंजिन नव्हतं, पण त्याचं काही अडलं नाही. तात्यांनी दांडा ओढला. दांडा हातात आला. ते दांडा हातात घेऊनच ओरडत होते, "धरा! धरा!"

पुढे रस्त्यानं बायका चालल्या होत्या.

मी जीपचा हॉर्न दाबून धरला. गऊबाईनं वळून पाहिलं आणि दोन्ही हातांनी पुढच्या बायकांना कडेच्या चरात लोटलं. ड्रॉबार रस्त्यात रुतला, ट्रेलर तिरका झाला, बांध ओलांडून कांद्याच्या शेतात शिरला आणि उलटला. दगड एका बाजूला, तात्या दुसऱ्या बाजूला. कांद्याची काढणी झाली होती. पातीनं झाकलेल्या ढिगावर ते जाऊन पडले. चाकं वर करून ट्रेलर फिरत राहिला, म्हणजे त्याची चाकं फिरत राहिली.

मी धावलो. तात्या जिवंत होते. हात मोडला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कांद्यानं की दुखण्यानं हे मी विचारलं नाही. गऊबाईनं दोन काटक्या लावून, डोक्यावरचं फडकं फाडून त्यांचा हात बांधला. मग ती उठली आणि उलट्या हौद्यापाशी जाऊन उभी राहिली. फळ्यांचा भुगा झाला होता. भोवती दगड.

"मी पुढच्या फळीपाशी बसते रोज," ती म्हणाली. "गरवार हाय आमची एक. तिला मधी बसवतो, गचके लागू नयेत म्हनून."

  मोठे साहेब जीपजवळ उभे राहून टोपी पुसत होते.

तात्यांना पुण्याला दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी भेटायला गेलो तर ते प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून वाट बघतच होते.

"विचार केला मी. कायद्यात काय म्हटलंय? गाडीमागे ओढला जातो तो ट्रेलर. बरोबर?"

"बरोबर."

"सुटल्यावर त्याला कोण ओढत होतं? कोणी नाही. म्हणजे अपघात झाला तेव्हा तो ट्रेलर नव्हताच!"

मी त्यांना मोसंबी सोलून दिली. मोठ्या साहेबांना मात्र हा मुद्दा विचार करण्यासारखा वाटला. त्यांनी तो विचार बराच काळ केला. पण तात्यांचा दगड घेणाऱ्या पिंपरीच्या कंपनीच्या इंजिनिअरनं तो उलटलेला हौदा स्वतः येऊन पाहिला होता. यापुढे बायकांना नेण्यासाठी पास झालेली लॉरी नसेल तर दुसरा ठेकेदार बघू, असं त्यानं कळवलं. कायद्यानं जे झालं नव्हतं ते एका वाक्यात झालं. लॉरी आली. तिला बाकं होती, ब्रेक होते, मी स्वतः खाली झोपून तपासले.

पुढे महिन्याभरानं त्या रस्त्यानं जाताना बायकांची लॉरी दिसली. मी जीप थांबवली. कौतुकाचे दोन शब्द कोणाला नको असतात?

"काय गऊबाई, बरी आहे ना लॉरी?"

"कसली बरी? धूर लई येतो. ट्रेलरात वारं तरी लागायचं," गऊबाई म्हणाली. "आन् डायवर थांबतच न्हाई मधी. सांगा त्याला."

मी सांगतो म्हटलं आणि निघालो.

नंतरच्या नोकरीत मी बरीच वाहनं नापास केली. त्यांच्याखाली न सापडलेल्या माणसांपैकी आभार मानायला कधी कोणी आलं नाही. तक्रारी मात्र पुष्कळ आल्या. त्या मी शांतपणे ऐकून घेई. तक्रार करायला माणूस जिवंत असावा लागतो.