प्रेषक: मोठेबाबा

आमच्या मोठेबाबांनी ताईच्या लग्नाला साऱ्या गणगोताला बोलावलं, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःला पोस्टमनकडून कळली. यातली अर्धी करामत माझी. उरलेली आमच्या माणसांची, कारण आमच्याकडे लग्नपत्रिका कोणी वाचत नाही. नाव कोणाचं आणि आली कुठून, एवढं पाहतात आणि ट्रंक भरायला घेतात.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते आणि मोठीआई आंजीला, आम्ही सेलूला. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ताई लहानपणी आंजीलाच वाढली. बाबांना ती घाबरायची आणि मोठेबाबांच्या खांद्यावर बसायची. त्यामुळे साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जे झालं ते तिलाच जास्त लागलं. टोपी-दुपट्टा देऊन मान करायची आमच्यात रीत, आणि पहिला मान घरातल्या थोरल्याचा. घाईगर्दीत बाबांनी पहिली टोपी घातली मामाला, म्हणजे आईच्या भावाला. मोठेबाबा शेजारीच बसलेले. "आता तुमचं तुमी पाहा," एवढं बोलून ते भरल्या पानावरून उठले आणि आंजीला निघून गेले. बाबा मागाहून समजवायला गेले, तर मोठेबाबा कापसावर बोलत बसले. लग्नाचा विषय निघाला की बैलाला पाणी दाखवायला उठायचे. बैलाचं पोट फुगायची वेळ आली, पण ह्यांचा राग काही उतरला नाही.

ताईने मग सांगूनच टाकलं, "मोठेबाबा आले नाई तर मी बोहल्यावर उभी राह्यत नाई." ताई माझ्यासारखी बडबडी नव्हती. ती बोलली म्हणजे बोलली.

इकडे पत्रिका छापायची घाई. निमंत्रक म्हणून नाव कोणाचं टाकायचं?

"दादा असताना माह्यं नाव वर कसं टाकू?" बाबा म्हणाले.

"ते तं रुसून बसले हायेत," आई म्हणाली.

"रुसले म्हनून का ल्हान झाले?"

झालं. जो माणूस लग्नाला येणार नव्हता, त्याच्याच नावाने गावोगाव आग्रहाचं निमंत्रण निघालं. बाहेरगावचं टपालाने, आणि सेलूत घरोघरी आई स्वतः जाऊन हातावर हळदीचे तांदूळ ठेवून यायची. अक्षत दिल्याशिवाय जवळचं माणूस येत नाही, ही आमची रीत.

पाकिटं माझ्या गळ्यात पडली. मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात जायची, अक्षर बरं होतं आणि नाही म्हणायची सोय नव्हती. पत्ता लिहा, कोपऱ्यांना हळद लावा, वर पुन्हा पाठवणाऱ्याचं नाव-गाव लिहा. हात मोडून आला माझा. वैतागून वर्ध्यातून एक रबरी शिक्काच करून आणला: प्रेषक, खाली मोठेबाबांचं नाव, मुक्काम पोस्ट आंजी. निमंत्रण त्यांचं, मग गाव त्यांचंच नको? बसले ठोकत. शिक्क्याला रुसवेफुगवे कळत नाहीत, हे त्याचं बरं असतं.

आंजीला काय झालं ते पुढे मोठीआईने सांगितलं. आधी एक पाकीट फिरून आलं.

"पत्ता चुकला तुमचा, वापस आलं," पोस्टमन म्हणाला.

"म्या कोनाले धाडलं?" मोठेबाबा म्हणाले.

"हा काय, तुमचाच शिक्का हाय."

मग उत्तरं यायला लागली. चुलत घरच्या नागपूरच्या एका व्याह्यांनी कळवलं, येतो, पण कंबर धरली आहे, गादी जाड पाहिजे. हिंगणघाटच्या आत्याने तर त्यांनाच झापलं, एवढ्या उन्हात काऊन लगन काढलं, तुले काई अक्कल? मोठेबाबांनी ते कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. मोठीआई म्हणाली, कळवून टाका, हे आपलं नाही म्हणून. तर म्हणाले, "बोलावून नाई म्हनाव? लोक काय म्हनतीन?" आणि जाड गादी शोधायला माळ्यावर चढले.

लग्नाच्या आदल्या दिवशी वर्ध्याहून येणाऱ्या एसटीतून पाहुणे उतरले ते थेट आंजीला. पत्रिकेत लग्नस्थळ सेलू असं ठसठशीत छापलं होतं. पण सांगितलं ना, वाचतंय कोण. ट्रंका, वळकट्या, पोरंबाळं, पुढे हिंगणघाटची आत्या. ओसरीवर मोठेबाबा बनियनवर. "या या" म्हणणं भाग होतं. मग आत जाऊन मोठीआईच्या कानाशी म्हणाले, "पाव्हन्यायले सांगू नको का आपन रुसलो हावो." दोघांनी रात्रभर सगळ्यांना वडाभात खाऊ घातला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मांडवात निम्मं गणगोत गायब. वऱ्हाड येऊन बसलेलं, मुहूर्त गोरजाचा, आणि ताई खोलीत मुंडावळ्या बांधू देत नव्हती. बाबा मला म्हणाले, "तुह्या शिक्क्यानं सत्यानाश केला." मी उलटून बोलणार तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला.

ट्रॉली गच्च भरून आमचे पाहुणे. आत्या उतरली, व्याही कंबर धरून उतरले, त्यांची गादी उतरली. मोठेबाबा तेवढे ड्रायव्हरच्या बाजूला चाकावरच्या पत्र्यावर बसून राहिले.

"माहे पाव्हने पोचवले," ते म्हणाले. "आता मी चाललो."

बाबांनी हात जोडले. "दादा, उतरा ना. लगनाचे निमंत्रकच तुमी."

"हो ना. साऱ्या दुनियेले मी बोलावलं," मोठेबाबा म्हणाले. "मले कोनं बोलावलं, बापू?"

कोणीच नाही. समजवायला गेले, पण अक्षत कोणी नेली नव्हती. मी सगळ्या मुलखाला शिक्के मारले, आई सेलूतलं घर न् घर फिरली, आणि ज्याच्या नावाचं निमंत्रण त्यालाच कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

गलका कसा थांबला म्हणून वळून पाहिलं, तर ताई. हळदीची साडी, सगळ्या वऱ्हाडासमोरून नवरी चालत ट्रॅक्टरपाशी गेली. वराकडच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तिने मोठेबाबांचा हात ओढून त्यावर तांदूळ ठेवले.

"मोठेबाबा, माह्यं लगन हाय," ती म्हणाली. "येजा बरं."

मोठेबाबांनी मूठ मिटली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "बंद कर बाबा तुह्यी मशीन. डिझेल जळून राह्यलं फुकट." आणि उतरले.

मंगलाष्टकांना मी तांदळाचं ताट त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्यांची मूठ तशीच मिटलेली होती. ताईच्या डोक्यावर पडले ते त्या मुठीतले तांदूळ.

लग्न लागल्यावर मानपान सुरू झाले. या वेळी बाबांनी चुकायला वाव ठेवला नाही. पहिली टोपी घेऊन सरळ मोठेबाबांपुढे उभे राहिले. मोठेबाबांनी ती हातातून घेतली आणि बाजूला बसलेल्या मामाच्या डोक्यावर नीट बसवली.

"पह्यले याले," ते म्हणाले. "हा पाव्हना हाय. मी घरचा आहो."