आयानलेरे उपाशी आहे

आमच्या ओयो गावात ढोलकऱ्याच्या घरी मूल जन्मलं की नावात 'आयान' आलंच. आयानलेरे माझा शेजारी. काखेत ढोल दाबून त्यानं काठी मारली की ढोल आमच्या भाषेचे चढउतार काढत चक्क बोलायचा, जाणकाराला शब्दन् शब्द कळायचा. लग्नात पाहुण्यांच्या सात पिढ्यांचं कौतुक करायचा, आणि बिनसलं तर चारचौघांत अब्रूही काढायचा!

तर गेल्या साली लागोसहून टेनिओला नावाची मुलगी आली. आल्या आल्या गुडघे टेकून नमस्कार केला, तिथंच मला आवडली. बायोडे गवयाची अगदी सुरुवातीची, कच्ची गाणी तिची तबकड्यांची कंपनी पुन्हा काढणार होती. कच्ची म्हणजे काय, तर अख्खा ताफा एका खोलीत कोंबून एका दमात वाजवलेली. पुढे बायोडेनं तीच गाणी डिस्कोची यंत्रं घालून गुळगुळीत करून काढली, त्यात ढोल गायब. आता बायोडे गेला, ताफ्यातले बहुतेक वादकही गेले, आणि जुन्या कव्हरवर नाव एकट्या बायोडेचं. नव्या कव्हरवर ढोलकऱ्याचं नाव छापायचं म्हणून ती शोधत आयानलेरेकडे आली होती.

"बाबा, ढोल मीच वाजवला म्हणणारे तुम्ही पाचवे," टेनिओला म्हणाली.

"त्या चौघांना म्हणावं, माझ्या काखेतला घट्टा येऊन बघा!"

"काख कशी छापू कव्हरवर?"

मी खो खो हसलो. आयानलेरे मात्र हसला नाही. शहात्तर वर्षांचा माणूस, जन्मभर दुसऱ्यांची नावं वाजवली, स्वतःचं नाव कुठल्या कागदावर नाही.

"त्यातलं सगळ्यात लांब गाणं लाव," तो म्हणाला. "आणि ढोलाचं बोलणं समजणारं कुणीतरी बोलाव."

पोरगी हुशार. आम्हा दोघांना गप्प बसवलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या, आमची कुणाची ओळख नसलेल्या एका रताळेवालीला आत आणलं. बाई डोक्यावरची पाटीही न उतरवता ऐकत उभी. सातव्या मिनिटाला ढोल सुटला, आणि बाई अशी हसली की पाटी मीच धरली.

"अगं बाई! कोण गं हा भुकेला?"

"काय म्हणतोय?" टेनिओला ओरडलीच.

"म्हणतोय, मी आयानलेरे, ओयोचा! पहाटेपासून वाजवतोय. बायोडे, कोट नवा शिवलास, माझ्या जेवणाचा अमालाचा गोळा कुठंय?"

मी तर उडीच मारली! या गुडघ्यांनी!

"आणि बायोडेनं हे राहू दिलं?" टेनिओलानं विचारलं.

"दुसरी टेप होती कुठं?" आयानलेरे म्हणाला. " नुसता डोळे वटारत गात राहिला. नंतर दोन गोळे खाऊ घातले, आणि पुढच्या वेळी मला बोलावलंच नाही."

"यातली खरखरसुद्धा मी पुसू देणार नाही," ती म्हणाली, आणि तिथंच नाव लिहून घेतलं.

तबकडी आली. कव्हरवर 'ढोल : आयानलेरे, ओयो'. किती वेळ तो त्यावर अंगठा फिरवत होता. मग अंगणात लावली, आवाज पार वेशीपर्यंत! सातव्या मिनिटाला गल्लीतल्या बायका चुलीपासून एका सुरात ओरडल्या, "या हो आयानलेरे, जेवायला या!"

नुकताच भरपेट जेवलेला तो गृहस्थ उठला आणि हात धुवायला निघाला.