हादरा आणि शेवटचा छर्रा

भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. मी नांदेडहून बारावीच्या क्लासेससाठी लातूरला आले होते. आमच्या खोलीतल्या मुली दुपारी गणितं सोडवत. मी मात्र एअर रायफलच्या सरावाला जाई. त्यांना त्याचं नवल वाटे.

जिल्ह्याची निवड स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. विभागीय स्पर्धेला मुलींमधून एकच जाणार होती. माझे सगळे छर्रे मारून झाले, तेव्हा शेजारची औशाकडची मुलगी माझ्याहून पाचच गुण मागे होती आणि तिचा शेवटचा छर्रा उरला होता. तिचं गाव भूकंपात गेलं होतं. सरावाला ती पत्र्याच्या शेडमधून यायची.

तिने नेम धरला. छर्रा सुटला आणि जमीन हलली. तावदानं थरथरली, कुणीतरी ओरडलं, आम्ही सगळे मैदानात पळालो.

हादरा लहानच होता. परत आलो तर तिच्या निशाणाच्या कार्डावर छिद्र तीनच्या वर्तुळात. पंच म्हणजे निवृत्त फौजी. हुकूम व्हायच्या आधी छर्रा भरला म्हणून त्यांनी मागे एकदा सख्ख्या पुतण्याला बाहेर काढलं होतं. त्या दिवशी तेच म्हणाले, “हा छर्रा धरायचा नाही. बाळा, नव्या कार्डावर मार.”

कुणीच हरकत घेतली नाही. मीही नाही.

“सर, हादरा मागून आला,” ती म्हणाली. “छर्रा आधीच गेल्ता. माझाच हात हालला.”

“नीट आठव.”

“आठवतंय की.”

पंचांनी नवं कार्ड बाजूला ठेवलं. मग त्यांनी तीन गुण लिहिले. थोडक्या फरकाने माझी निवड झाली. आनंद झाला, पण तो कुणाला दाखवावासा वाटेना.

बाहेर नळावर मी तिला विचारलं, “एवढ्या गडबडीत आधी काय, मागून काय, तुला कसं कळलं?”

“हादरा मला कळतोय,” ती हात धूत म्हणाली. “शेडमधी सगळ्यांच्या आधी मीच उठते.”

माझ्याकडे नेमबाजीचं जाड जॅकेट नव्हतं. तिने न मागता तिचं आणून दिलं. बाह्या आखूड होत्या. ते घालून मी विभागीय स्पर्धेत मधल्याच कुठल्यातरी क्रमांकावर राहिले.

जॅकेट परत द्यायला गेले, तर तिने आधी माझी त्या स्पर्धेतली कार्डं बघायला मागितली. एकेक उजेडात धरून म्हणाली, “श्वास लई वेळ धरून ठेवतीस तू. चल, उभी ऱ्हा.”